स्वप्नातलं घर आणि एव्हरेटची जगं

स्वप्नात वारंवार तेच अनोळखी घर दिसतं, म्हणजे समांतर जगातला 'मी' तिथे राहत असणार, हा तुमचा तर्क वाचायला झकास वाटला. अडचण अशी की समांतर जगांची पायाभूत मांडणी ज्याने १९५७ मध्ये केली, त्या भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटच्या क्वांटम गणितातच अशा डोकावण्याला जागा नाही. एका जगाच्या वेगवेगळ्या फांद्या एकदा फुटल्या की इकडचा निरोप तिकडे जात नाही. मेंदूसारख्या ओल्या, उबदार ठिकाणी, जिथे नाजूक क्वांटम अवस्था टिकतच नाहीत, तिथे तर नाहीच नाही.

घराचं म्हणाल तर माझंही एक आहे. आजोळचंच, पण माजघरातून वर एक जिना जातो, जो खऱ्या घरात कधीच नव्हता. चढून गेलं की थेट हॉस्टेलचा व्हरांडा! आणि झोपेत मला याचं काडीइतकंही नवल वाटत नाही. कारण रेम झोपेत (म्हणजे ठळक स्वप्नं पडतात त्या टप्प्यात) कपाळामागचा, शंका काढणारा भाग मंदावलेला असतो. (आमच्याकडे काहींचा दिवसाही असतो, ते सोडा.)

१९९४ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की फिरताना हिप्पोकॅम्पसमधल्या (मेंदूतल्या, जागा आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागातल्या) ज्या पेशी एकत्र चेतल्या, त्याच नंतर झोपेतही एकत्र चेतल्या. म्हणजे जागांचे नकाशे रात्री पुन्हा गिरवले जातात. त्यात माझं आजोळ आणि हॉस्टेल एकमेकांना चिकटलं असावं, हा आपला माझा अंदाज.

पुढच्या वेळी त्या घरात गेलात तर भिंतीवरचं कॅलेंडर दोनदा वाचून बघा. स्वप्नातली अक्षरं बहुतेकदा दुसऱ्या नजरेला बदललेली असतात. काय दिसलं ते इथे नक्की लिहा.