गोलोव्किन मोठा होताच, पण लढला कोणाशी?

रिंगसाइड१६०
बॉक्सर गेनाडी गोलोव्किनचं नाव निघालं की दोन तट पडतात, म्हणून माझी बाजू एकदा मांडतो. मिडलवेटमध्ये (१६० पौंडांचा गट) हा हॅगलर-हॉपकिन्स या जुन्या दिग्गजांच्या पंगतीतला माणूस. ४५ लढती, ४२ विजय, त्यात ३७ नॉकआउट. हरला दोनदाच, दोन्ही वेळा मेक्सिकोच्या कनेलो अल्वारेझकडून. बिरुद २० वेळा राखून हॉपकिन्सच्या विक्रमाला गाठलं. आणि २०१७ ची कनेलोबरोबरची पहिली लढत तो जिंकलाच होता! अ‍ॅडलेड बर्ड या पंचबाईंनी कनेलोला ११८-११० दिले, म्हणजे १२ पैकी १० फेऱ्या. कुठली लढत बघत होत्या कोण जाणे. दुसऱ्या पंचाने ११५-११३ गोलोव्किनला, तिसऱ्याने ११४-११४. झाली बरोबरी.

खडूस_पंच
२० चा आकडा जरा खरवडून बघा. सुरुवातीचे कितीतरी बचाव डब्ल्यूबीए या बॉक्सिंग संघटनेच्या दुय्यम पट्ट्याचे, म्हणजे बिरुदाचे. वरचा 'सुपर' पट्टा तेव्हा फेलिक्स स्टुर्मकडे होता. विसावा बचाव वानेस मार्टिरोस्यानविरुद्ध. तो खालच्या वजनाचा, त्यात दोन वर्षं रिंगमध्ये उतरलेला नाही. केल ब्रूक तर वेल्टरवेट या हलक्या गटातला, दोन गट वर चढून आलेला. हॅगलरने हर्न्स आणि डुरानला हरवलं. त्या तोडीचं एक नाव दाखवा.

रिंगसाइड१६०
हर्न्स आणि डुरानसुद्धा खालूनच वर आले होते की साहेब! ब्रूकलाच वेगळा न्याय का? मार्टिरोस्यान मे २०१८ ला का आला तेही सांगा ना. ती तारीख कनेलोबरोबरच्या दुसऱ्या लढतीची होती. कनेलो क्लेनब्युटेरॉल या बंदी असलेल्या औषधाच्या चाचणीत सापडला, लढत रद्द झाली, सहा महिने बंदी बसली.

खडूस_पंच
डुरान हॅगलरसमोर १५ फेऱ्या टिकला. ब्रूकच्या कोपऱ्यातून पाचव्या फेरीतच टॉवेल आला, म्हणजे हार मानली. फरक आहे.

माटुंग्याचा_जॅब
मोठी नावं त्याला टाळत होती, हे कुणीच बोलत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये कनेलोने कोटोला हरवून डब्ल्यूबीसी या दुसऱ्या संघटनेचा पट्टा घेतला. पुढचा हक्काचा दावेदार गोलोव्किन. मे २०१६ मध्ये कनेलोने पट्टा सोडून दिला, पण लढला नाही. शेवटी रिंगमध्ये आला तेव्हा गोलोव्किन ३५ वर्षांचा. तिसरी लढत झाली तेव्हा तर ४०.
(जाता जाता: विजेंदरने बीजिंगला ७५ किलोत कांस्य आणलं, त्याच वजनात २००४ ला अथेन्समध्ये गोलोव्किनचं रौप्य होतं.)

खडूस_पंच
टाळत होते तर वरच्या वजनात जायचं. १६८ पौंडांत आंद्रे वॉर्ड होता, अथेन्सचाच सुवर्णवीर. हॉपकिन्स चाळिशीनंतर वर गेला आणि तिथेही जिंकला. हा गेला तो थेट २०२२ मध्ये, कनेलोबरोबरच्या तिसऱ्या लढतीसाठी.

माटुंग्याचा_जॅब
वॉर्ड नोव्हेंबर २०१३ ते जून २०१५ प्रमोटरशी भांडत घरी बसला होता. लढायचं काय त्याच्या सावलीशी?

रिंगसाइड१६०
शिवाय स्वतःच्या वजनात चार संघटनांपैकी तिघांचे पट्टे हातात असताना वर का जाईल कोणी? उरलेला डब्ल्यूबीओचा सॉन्डर्सकडे होता, ती लढत जुळलीच नाही.

तटस्थ_गडी
दुसरी लढत कनेलोने घासून जिंकली, तिसरीत वादच नाही. पण गोलोव्किनवाल्यांनो, २०१९ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेरेव्यान्चेन्कोने त्याला पार दमवलं, आणि पंचांनी हात उचलला गोलोव्किनचा. तेव्हा बर्डबाई कुणाला आठवल्या नाहीत.

रिंगसाइड१६०
पहिल्याच फेरीत गोलोव्किनने डेरेव्यान्चेन्कोला खाली पाडलं होतं, ते धरा की हिशेबात. गोलोव्किन स्वतः मात्र अख्ख्या व्यावसायिक कारकिर्दीत एकदाही पडला नाही.

खडूस_पंच
पडला नाही कारण पाडू शकेल असा समोर आला नाही. १९८५ चा हॅगलर उभा करा, मग बोलू.

माटुंग्याचा_जॅब
करा की. गोलोव्किनच्या जॅबपुढे (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) हॅगलरला आत शिरायला सहा फेऱ्या लागतील. निकाल गुणांवर, आणि पंच मात्र वेगासचे नकोत.