मांजर ओकलं की लगेच डॉक्टरकडे धावायचं का?

नळस्टॉपवाली
या प्रश्नावरून आमच्या घरात दोन तट पडलेत, म्हणून इथे टाकतेय. आमची चिंगी सात वर्षांची, वजन साडेपाच किलो (जरा जास्तच, मान्य). गेले तीन आठवडे दिवसाआड खाल्ल्यावर पाच-दहा मिनिटांत ओकते. ड्राय फूडचे दाणे जसेच्या तसे बाहेर, वर चिकट पाणी. आणि लगेच परत वाटीपाशी हजर, जसं काही झालंच नाही. सासूबाई म्हणतात, "मांजर ते, ओकणारच. डॉक्टरांची कशाला धन करतेस?" नवरा म्हणतो, रक्त तपासून घेऊ. मी मध्ये, हातात फडकं. खेळणं, शी-शू सगळं ठीक असल्यामुळे मी सध्या सासूबाईंच्या पक्षात आहे. तुमचं काय मत?

तळकोकणी
सासूबाईंना नमस्कार सांगा. आमच्या पडवीत कायम चार-पाच मांजरं असायची. बांगड्याची डोकी, उरलेला भात, वरून उंदीर. पोट बिघडलं की परड्यात जाऊन गवत चावायची, ओकायची आणि चुलीपाशी येऊन गोल होऊन झोपायची. डॉक्टर कोणी बघितला होता? हल्ली मांजर शिंकलं तरी लोक एक्स-रे काढतात. लंघनं परमौषधम्. दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप ताळ्यावर येईल.

बोक्याची_आई
दादा, त्या चार-पाचांतलं एक तरी मांजर सात वर्षांचं झालेलं आठवतंय का? माझ्या आजोळीही असंच होतं. "मनी कुठाय?" विचारलं की आजी म्हणायची, "गेली असेल कुठे." कुठे गेली असेल ते आता कळतं. दुखणं आलं की मांजर अडगळीत जाऊन बसतं, आणि आपण वर्षानुवर्षं सांगत राहतो की आमची मांजरं ठणठणीत होती.

माझा बोका आठवड्याला एकदा ओकायचा. "केसांचा गोळा असेल" म्हणून आम्ही वर्षभर गप्प. मग तो बादलीतलं पाणी प्यायला लागला, पाठीचा कणा हाताला लागायला लागला, तेव्हा रक्त तपासलं. किडनी. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने गाळून बाहेर टाकायचा कचरा) वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं बरंचसं काम बंद पडलेलं असतं, हे त्या दिवशी कळलं.

आणि उपाशी ठेवायचा सल्ला कृपा करून देऊ नका. आपलं लंघन मांजराला चालत नाही. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही की चरबी यकृतात साचायला लागते. मग कावीळ, मग नळीने भरवणं. साडेपाच किलोच्या चिंगीला हा धोका जास्तच.

तळकोकणी
लंघनाचं मागे घेतो, हे ठाऊक नव्हतं. पण बाकी मुद्दा सोडत नाही. बहिणीने तिचा बोका पिशवीत कोंबून रिक्षाने नेला. तो सगळा रस्ता रडत होता, बिचारा भीतीने पिशवीतच मुतला. दोन हजार गेले आणि निदान काय, तर "घाईघाईने खातो". हे मी फुकट सांगितलं असतं.

निशाचर
तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडताय. ओकणं वेगळं, घास परत येणं वेगळं. ओकताना मांजर आधी लाळ गाळतं, ओठ चाटतं, मग पोट आत-बाहेर खेचतं, घशातून तो ओळखीचा आवाज येतो आणि मग बाहेर पडतं. घास परत येतो तेव्हा यातलं काही नसतं. मान खाली घातली की दाणे घरंगळतात, बहुतेक वेळा लांबट वळकटीसारखे, कारण ते पोटात पोचलेलेच नसतात. चिंगीचं वर्णन मला दुसऱ्या प्रकारचं वाटतंय. पण अंदाज नको, मोबाइलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरला तुमच्या दहा वाक्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

तोवर खाणं विभागून चार-पाच वेळा द्या आणि वाटी बंद करा. इडलीपात्राची एक ताटली घ्या, प्रत्येक खळग्यात थोडे थोडे दाणे. बकाबका खाताच येत नाही. ब्रँड बदलला असेल तर जुन्यात नवं मिसळत आठ-दहा दिवसांत बदला, एका रात्रीत नको.

हिशेबनीस
दूध देत असाल तर बंद करा. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना ते पचत नाही, सिनेमात काहीही दाखवोत. आणि घरातल्या डब्यातली पॅरासिटामॉल कुणी चुकूनही देऊ नये, मांजराला ती विष आहे.

पेठेतली
आमच्याकडे देवाच्या हाराचा दोरा निघाला! निर्माल्याच्या पिशवीतून ओढून गिळला होता. दिवसभर ओकत होती, रात्री फक्त फेस. जिभेखाली दोऱ्याचं टोक दिसलं. मी ओढणार होते, डॉक्टर फोनवर ओरडले, "हात लावू नका!" ओढला तर आतडं कापलं जातं म्हणे. शेवटी ऑपरेशन. तेव्हा तळकोकणी, परड्यातलं गवत ठीक आहे, पण फ्लॅटमधल्या मांजराला गवत नाही, दोरे, रबरबँड आणि पुष्पगुच्छातली लिली मिळते. लिलीचे तर नुसते परागकण चाटले तरी किडनी जाते.

तळकोकणी
दिवसभर ओकत असेल, खात नसेल, रक्त पडत असेल तर मीही न्या म्हणेन. एवढा अडाणी नाही. मी बोलतोय ते ओकून परत जेवायला बसणाऱ्यांबद्दल.

बोक्याची_आई
माझाही ओकून परत जेवायला बसायचा.

नळस्टॉपवाली
नऊ दिवसांनी लिहितेय. व्हिडिओ काढला. निशाचर म्हणतात तसंच, पोट हललंसुद्धा नाही. इडलीच्या ताटलीवर आल्यापासून ते जवळजवळ थांबलंय. एकदाच ओकली, तेव्हा मात्र पोट खेचून, आणि त्यात केस होते. तरी बोक्याच्या आईंचं शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून शनिवारी रक्त द्यायची वेळ घेतलीय. सासूबाईंचा विरोध मावळलाय, कारण त्यांचं लक्ष आता दुसरीकडे आहे. नवं इडलीपात्र कधी येणार, असं दिवसातून दोनदा विचारतात.