एनसीसीच्या जुन्या थ्री नॉट थ्री रायफली भट्टीत जाण्याआधी वाचवता येतील का?

जुना_कॅडेट:
नमस्कार मंडळी. ज्या कॉलेजात एनसीसी केली तिथल्या कोतमध्ये (शस्त्रं ठेवायच्या खोलीत) परवा खूप वर्षांनी जाणं झालं. रॅकमध्ये अजून त्याच थ्री नॉट थ्री उभ्या आहेत, डीपीवाल्या (ड्रिल पर्पज), म्हणजे काडतूस बसतं त्या चेंबरला भोक पाडलेलं, काडतुसावर आदळणाऱ्या स्ट्रायकरचं टोक कापलेलं, फक्त ड्रिलसाठी. उस्ताद (ड्रिल शिकवणारे) म्हणाले यातल्या बऱ्याचशा कंडम लिस्टला, म्हणजे बाद मालाच्या यादीला लागल्यात, कटिंग होणार आणि मग भट्टी. ऐकून पोटात कालवलं हो. थंडीत पहाटे कंधे शस्त्र केलं की ती दस्त्याच्या टोकाची पितळी बट प्लेट तळहाताला बर्फासारखी लागायची ते अजून आठवतं. दोन-चार तरी वाचवता येतील का, कॉलेजात काचेच्या कपाटात वगैरे? आणि एखादी घरी ठेवायला मिळते का?

ऑर्डनन्सवाला:
घरचा विचार आधी डोक्यातून काढ मित्रा. .३०३ हा प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य नागरिकाला बंदी असलेला कॅलिबर. १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये कलम ४५ आहे, जुन्या आणि निकामी हत्याराला सूट, पण अट अशी की दुरुस्ती करूनसुद्धा ते झाडता येऊ नये. नुसता डीपीचा शिक्का म्हणजे ती अट पुरी झाली असं समजू नकोस, लोक तिथेच फसतात. कपाटाचं मात्र करून बघ. मागणी तुझ्या नावाने नको, प्रिन्सिपलच्या लेटरहेडवर, एएनओ (कॉलेजातले एनसीसी अधिकारी) यांच्यामार्फत बटालियनच्या सीओंकडे (प्रमुखांकडे), आणि रायफली बाद ठरवणारा बोर्ड बसायच्या आत. एकदा बोर्डाची सही झाली की एकेका नंबरचा हिशोब द्यावा लागतो, मग कोणी हात लावत नाही.

खाकी३२:
मी पोलिसात होतो म्हणून उलटं बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. बहुतेक रायफली कापल्याच पाहिजेत. बोल्ट, मॅगझिन असे सुटे भाग चुकीच्या हातात गेले की काय होतं ते मी जवळून पाहिलंय. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या २६ जानेवारीला परेडमध्ये थ्री नॉट थ्रीला निरोप दिला तेव्हा माझेही डोळे भरले होते, पण म्हणून सगळ्या जपायच्या असं नाही. एक-दोन ठेवा, त्या पक्क्या निकामी करून ठेवा, आणि बाकीच्यांचे नंबर नि फोटो तरी काढून ठेवा, परवानगीने.

ईशापूर_प्रेमी:
खाकीसाहेब, फोटोचं शंभर टक्के पटलं. पण कुठल्या ठेवायच्या ते बघून ठरवा, समोर आली ती उचलली असं नको. बोल्टच्या हँडलखाली, जिथे लाकडी बट लोखंडाला मिळतो, तिथे उजव्या बाजूला खुणा असतात. मुकुट आणि जीआरआय (सम्राट जॉर्जची आद्याक्षरं) असेल तर ती राजाच्या काळातली, बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याची, आरएफआय (रायफल फॅक्टरी ईशापूर) असेल तर स्वातंत्र्यानंतरची, आणि खाली साल. एकाच कारखान्याची, राज्य बदललेलं, दोन्ही शेजारी ठेवल्या तर पोरांना वेगळा इतिहासाचा तास लागणार नाही. मॅगझिनच्या पुढे लाकडातून आडवा गेलेला स्क्रू दिसला तर तीही बघा, लाकूड तडकू नये म्हणून आपल्याकडे तो घालायचे.

जुना_कॅडेट:
सगळ्यांचे मनापासून आभार. घरचा विषय संपला. आज उस्तादांसोबत बसून एकेक पुसून पाहिली, ग्रीसखाली खुणा बुजल्यात. एक निघाली जीआरआय १९४२, एक आरएफआय, साल नीट लागत नाहीये. ४२ वालीच्या बटची झडप उघडली तर आत पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) आणि तेलाची बाटली तशीच, बाटलीत थोडं तेलसुद्धा! उस्ताद पण बघतच राहिले. दोघींचे नंबर लिहून घेतलेत, पत्राचा मसुदा एएनओ मॅडमकडे दिलाय, बोर्ड पुढच्या महिन्यात आहे म्हणतात. ऑर्डनन्सवाला सर, पत्रात "कायमस्वरूपी निकामी करून प्रदर्शनासाठी" एवढं लिहिलं तर पुरेल ना?

ऑर्डनन्सवाला:
पुरेल. कपाटाला कुलूप असेल आणि किल्ली कोणाकडे राहील तेही लिही, पहिला प्रश्न तोच येतो.