अनुभव धागा: डिमेन्शियाच्या पेशंटला डॉक्टरकडे नेताना तुम्ही काय तयारी करता?

आईला डिमेन्शिया आहे हे कळून तीन वर्षं झाली. पहिल्यांदा न्यूरोकडे (मेंदूच्या डॉक्टरकडे) गेलो तेव्हा केबिनमध्ये आई एकदम छान, डॉक्टरांना हात जोडले, गाव कुठलं विचारलं, आणि म्हणाली माझं सगळं मी करते, हीच उगाच काळजी करत बसते. मग मी तिच्यासमोरच सांगायला लागले, गॅस चालू राहतो, पैसे लपवते, मला ताई म्हणते. ती माझ्याकडे बघतच राहिली. रिक्षात घरापर्यंत एक शब्द बोलली नाही, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. रात्री डॉक्टरकडे गेलो होतो हेच विसरली पण "मला कुणीतरी खूप बोललं गं" असं म्हणून रडत होती. प्रसंग पुसला जातो पण लागलेलं मनात राहतं हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून तिच्यादेखत काही बोलत नाही. आधीच एक पानाची चिठ्ठी लिहून रिसेप्शनवर देते, डॉक्टर वाचतात मग आम्हाला आत बोलावतात. नुसतं "विसरते" लिहून उपयोग नसतो, "१२ तारखेला दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून झोपली" असं लिहिलं की त्यांना कळतं. माझे तीन प्रश्न सगळ्यात वर, कारण दहा मिनिटांत नंबर संपतो. तुम्ही काय काय करता ते प्लीज लिहा, सगळ्यांनाच उपयोगी पडेल.

———

चिठ्ठीला अगदी अनुमोदन. माझी भर म्हणजे औषधांची पिशवी. यादी नाही, घरात जे काही आहे ते सगळं, पट्ट्या, डोळ्यांचे थेंब, काढे, शेजारच्या काकूंनी दिलेलं चूर्णसुद्धा. बाबांचा गोंधळ एकदम वाढला होता, मी मेंदूची गोळी कमी पडतेय असं धरून चाललो होतो. नवीन डॉक्टरांनी सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडल्या आणि दोन बाजूला काढल्या, एक खाजेची जुनी गोळी आणि एक लघवी धरून ठेवायची. म्हणाले या प्रकारच्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती आणखी ढासळते. खाजेची गोळी तर मी सांगितलीच नसती, ती काय सांगायची असं वाटलं असतं. हळूहळू त्या बंद केल्या आणि महिन्याभरात बाबा निदान बाथरूम कुठे आहे ते पुन्हा शोधायला लागले. मात्र आपल्या मनाने काही बंद करू नका. आणि बी १२, थायरॉईडचे रिपोर्ट फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा, ते विचारतातच.

———

"कधीपासून" हे नक्की लिहा. सासूबाई दोन दिवसांत एकदम बदलल्या, रात्रभर जाग्या, भिंतीशी बोलत होत्या, आम्ही म्हटलं आजार वाढला आणि अपॉइंटमेंटची वाट बघत बसलो. लघवीचं इन्फेक्शन निघालं. ताप नव्हता, त्यांना सांगताही येत नव्हतं. सहा महिन्यांत हळूहळू झालं तर गोष्ट वेगळी, पण दोन दिवसांत झालं तर थांबायचंच नाही, त्याच दिवशी जायचं. वाट बघण्यात गेलेल्या त्या चार दिवसांचं मला अजून वाईट वाटतं.

———

आमच्या आजीला डॉक्टरकडे स्मरणशक्तीच्या टेस्टमध्ये तारीख विचारली, ती म्हणाली आज संकष्टी आहे. आणि होतीच संकष्टी! पण कागदावर शून्य. त्या ३० मार्कांच्या टेस्टमध्ये तारीख, वार, शंभरातून सात सात वजा करणं, वाक्य लिहिणं असलं सगळं असतं, आजी शाळेची पायरी चढलेली नाही पण चाळीस वर्षं बाजारात भाजी विकली, सुट्टे पैसे तोंडी द्यायची. न शिकलेल्या लोकांसाठी ही टेस्ट हिंदीत बदलून घेतलेली आहे असं आम्हाला नंतर कळलं. तर शिक्षण किती, काम काय करत होत्या, घरात भाषा कुठली हे आधी सांगा. आणि चष्मा, कानाचं मशीन घालूनच न्या (सेल नवीन), नाहीतर ऐकू न आलेला प्रश्नही विसरण्यात धरला जातो.

———

माझ्या मिस्टरांना खोलीत लहान मुलं बसलेली दिसायची. घाबरायचे नाहीत, उलट "त्यांना खायला दे" म्हणायचे. झोपेत हातवारे, ओरडणं, चालणं संथ झालेलं, पण हे सगळं एकाच आजारातलं असेल असं कधी वाटलं नाही म्हणून तीन डॉक्टरांना तीन गोष्टी सांगत होते. मुलाने मोबाईलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढला, तो बघून डॉक्टरांनी लुई बॉडीचा (डिमेन्शियाचाच एक प्रकार) संशय घेतला. त्यांनी फाईलवर लाल पेनने लिहून दिलंय की हॅलोपेरिडॉलसारखी (भास, बेचैनीवर देतात ती) औषधं द्यायची नाहीत, या पेशंटना ती फार त्रासदायक ठरू शकतात. तो कागद मी पर्समध्ये ठेवते, रात्री-अपरात्री कुठे ॲडमिट करायची वेळ आली तर.

———

सकाळचा पहिला नंबर घ्या, संध्याकाळी बाबा बेचैन होतात. आदल्या दिवशी सांगत नाही, सांगितलं की रात्रभर "निघायचं का" चालू. एक जादा पायजमा, डबा, आणि शक्यतो दोन माणसं, एक बाबांजवळ बसायला आणि एक डॉक्टरांशी बोलायला. "बीपी चेक करायला जाऊ" म्हणून नेतो.

———

वरच्या प्रतिसादातलं खोटं सांगून नेणं मला नाही पटत हो. पण बीपी तर तिथे बघतातच, मग ते खोटं तरी कसं म्हणायचं. आम्ही आईला "दोघी मिळून तपासून येऊ" म्हणतो आणि डॉक्टर आधी माझं बीपी घेतात, मग ती आपणहून हात पुढे करते.

———

चिठ्ठीत एक ओळ स्वतःबद्दल पण लिहा. मी पाच महिने रात्री दोन तासांच्या वर झोपले नव्हते आणि डॉक्टरांनी विचारल्याशिवाय ते बोलले नाही, आणि विचारलं तेव्हा तिथेच रडले. टेली-मानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईन) १४४१६ नंबर त्यांनीच दिला, मराठीत बोलता येतं.

———

धागाकर्ती: सगळ्यांचे खूप आभार. मंगळवारी आमचा नंबर आहे, पिशवी आजच भरायला घेतली, कपाटातून दोन पट्ट्या अशा निघाल्या ज्या कुणी कधी दिल्या तेच आठवत नाहीये. एक विचारायचं राहिलं, दातांच्या डॉक्टरकडे कसं नेता? दाढ दुखतेय असं वाटतंय, गालाला हात लावून बसते, पण तोंडच उघडत नाही.