मक्याच्या कडब्यासाठी व्हील रेक: ४ चाकी घ्यावा की व्ही? अन् गाठीत माती येऊन रायली तिचं काय करावं

वावरवाला_मोताळा
राम राम मंडळी. जिल्हा बुलडाणा, वावर सगळं काळ्या मातीचं, मका हाये अन् घरच्या म्हशीपुरती लसूणघास. ट्रॅक्टर ४५ एचपी. पहिले मका माणसं लावून कापत होतो तं कडबा पेंढ्या बांधूनच घरी यायचा, आता हार्वेस्टर येते अन् दाणे घेऊन बाकी सगळं वावरभर उधळून जाते. बेलरवाला (गाठी बांधायच्या मशीनवाला) म्हणते ओळ लावून ठेवा तरच येतो, पसरलेल्या मालावर मशीन घालत नाई. म्हणून रेक, म्हणजे दात्याच्या चाकानं पसरलेला माल ओढून ओळ लावणारं अवजार, घ्यायचा विचार चालू हाये.
एक ४ चाकी पाहिला, थ्री पॉइंटवर (ट्रॅक्टरच्या मागच्या उचलत्या जोडणीवर) लागते. दुसरा ८ चाकी व्ही (दोन्ही बाजूची चाकं V आकारात, माल मधात आणते), मागून ओढायचा, त्याची किंमत बरीच वर जाते. शेजाऱ्याचा ४ चाकी आणून मारून पाहिला तं ओळ झाली मस्त, पण गाठी सोडल्या की अर्धं ढेकूळ अन् अर्धा कडबा, म्हशी तोंड फिरवतात. स्प्रिंग आणखी टाइट करावी का? अन् लसूणघासीले हाच चालल का?

बेलर_वर्धा
टाइट नाई भाऊ, ढिली कर. या रेकले पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद अवजाराले देणारा फिरता दांडा) नसते, शाफ्ट नाई की गिअरबॉक्स नाई, चाक तिरपं लावलेलं असते अन् दाते खाली घासले की ट्रॅक्टरच्या चालीनंच फिरते. त्याच्यानं लोकाईले वाटते जेवढं दाबल तेवढं साफ ओढल अन् बसतात स्प्रिंग आवळत. मंग दाते मातीत नांगरल्यासारखे चालतात, ढेकळं ओळीत येतात, दाते वाकतात ते वेगळंच.
सेटिंग घरी पक्क्या जागेवर कर, वावरात नाई. रेक खाली सोड, टॉप लिंक (थ्री पॉइंटचा वरचा दांडा) कमीजास्त करून फ्रेम समांतर आण म्हणजे पहिलं अन् शेवटचं चाक सारखंच टेकल, तिथं लिव्हर कायम कर. मंग ट्रॅक्टर बंद करून एकेक चाक हातानं उचलून पाह्य, एका हातानं सहज उचललं गेलं पाहिजे. जोर लावा लागला तं स्प्रिंग ढिली कर. वावरात थोडं चालून खाली उतर अन् मागं पाह्य, जमिनीवर दात्याच्या रेघा उमटल्या असतील तं अजून दाब हाये. कडबा उचलला अन् माती जशीच्या तशी, हे पाहिजे.
अन् मक्यात खरी भानगड धसकटाची. धसकट ४ ते ६ इंच ठेवलं तं कडबा त्याच्यावर अधांतरी राहते, दात्याले मातीपर्यंत जायचं कामच पडत नाई. तू खालून कापतो अन् मंग माती आली म्हणतो असं नको होऊ दे. मल्चर (धांडे बारीक करायचं मशीन) मारत असशील तं तो बी उचलून मार, खाली टेकवला की तोच माती उडवून कडब्यात मिसळते, मंग रेकवर खापर. सरीवर मका असल तं सरीच्या दिशेनंच चाल, आडवं गेलं की चाकं उड्या मारतात. सपाट पेरणी असल तं तासाले थोडं तिरपं.

धानपट्टा_गोंदिया
आमच्याकडं धानाची तनिस, मका नाही, पण रेक तोच. व्ही घ्यायच्या आधी पांदण रस्ता मोजून घ्या बाप्पा!! फोल्ड करूनही तो केवढा रुंद राहते ते विचारा, अन् फोल्ड हायड्रॉलिकनं होत असेल तर ट्रॅक्टरला ऑक्झिलरी व्हॉल्व (अवजाराच्या पाइपात तेल सोडायचा जादा व्हॉल्व) पाहिजे, काही जुन्या ट्रॅक्टरला तो नसतेच. आमच्या बांध्या लहान, व्ही वळतच नाही, म्हणून इकडं ४ चाकीच चालते.
४ चाकीचा तोटा एवढाच की माल एकाच बाजूला ढकलते. जाताना एक ओळ अन् येताना तिच्यावरच दुसरी टाकायची, पण तिसऱ्यांदा हात लावू नका, माल पिळून दोरखंडासारखा होते अन् बेलरमधे गोळे जातात. जोरात पळवलं तरी तेच होते. ओळीची रुंदी बेलरच्या पिकअपएवढी (माल उचलायच्या तोंडाएवढी) ठेवा, टेप घेऊन जा अन् मोजा. ओळ बारीक झाली तर गोल बेलरवाल्याला डावं-उजवं करत चालवावं लागते, नाहीतर गाठ एका अंगानं फुगते.

गोठा_आणि_मी
अमरावतीहून. लसूणघासीला हाच रेक चालेल पण वेळ पूर्ण वेगळी ठेवा दादा. लसूणघासीचा कस पानात आहे, आणि पान दुपारी कडक वाळलं की दाता लागताच झडतं, ओळीत नुसत्या काड्या येतात आणि पैसा वावरात राहतो. माल अजून मऊ असताना, साधारण ४० टक्के ओल असताना ओळ लावा, नाहीतर सकाळी दव असताना, हळू चालीनं. मक्याला दवात हात लावू नका, तो उन्हातच.
दुसरं म्हणजे मक्याचा धांडा वरून वाळलेला दिसतो पण आतल्या गाभ्यात पाणी असतं. खालचा धांडा चिरून पिळून बघा, बोटं ओली झाली तर थांबा. गाठ १८-२० टक्क्यांच्या खालीच बांधायची. ओली गाठ आतून तापते, बुरशी येते, आणि गंजी मोठी असेल तर आगीचीही भीती. बुरशीवाली गाठ म्हशींना घालूच नका, माती निदान झटकता तरी येते.

वावरवाला_मोताळा
ताई, धांडा चिरून पाहायचं लक्षातच नव्हतं, धन्यवाद. व्हीचा दुकानदार म्हणते दाते सारखेच असतात, गवताचा अन् मक्याचा रेक एकच. खरं हाये का? अन् व्हीची चाकं किती उघडायची?

काळीमाती
मधात बोलतो, राग नका मानू. रेक घ्यायच्या आधी हार्वेस्टरवाल्याशी बोला. मागं माल उधळणारा पंखा किंवा चॉपर असतो, बऱ्याच मशीनला तो बंद करता येतो. बंद केला की कणसाची साल, वरची पानं, बुरकुंडं सगळं मशीनच्या मागं ओळीतच पडते, बेलर सरळ त्याच्यावर घाला. जनावर खाते ते हेच, खालचा जाड धांडा उष्ट्यातच जाते. तो वावरात राहू द्या, काळ्या मातीतून दरवर्षी सगळं झाडून नेलं तर सेंद्रिय कर्ब कुठून येणार?

बेलर_वर्धा
काळीमाती भाऊचं पटलं, माझा धंदा कमी होईल तरी. पण उभ्या धसकटाच्या मधात पडलेली पानं बेलर सोडूनच जाते, तिथं रेक लागतेच.
दुकानदाराचं खरं नाई. मक्याले जाड दाते पाहिजे, अन् चाकाच्या मधात पत्रा लावून मिळत असल तं घेच, नाईतर धांडे चाकाच्या आरपार अडकतात अन् उतरून उतरून काढा लागतात. वाकलेला दाता बदलता येते का अन् सुटा मिळते का हे बी विचार. चाकाचा कोन: माल कमी असल तं जास्त उघड, एका फेरीत रुंद पट्टा येते. माल दाट असल तं थोडा मिटव, नाईतर मालाचा ढीग चाकासमोर साचत जाते. पहिले मधात ठेव, एक ओळ मार, मंग ठरव.
तुझं १२-१५ एकराच्या आतलं काम असल तर ४ चाकीच घे, जाड दात्याचा. व्ही घ्यायचा तं दुसऱ्याच्या वावरात भाड्यानं मारशील तरच.

वावरवाला_मोताळा
४ चाकीच पक्का मंग. उद्या शेजाऱ्याचा वापस आणतो अन् स्प्रिंग ढिली करून एक एकर मारतो. हार्वेस्टरवाल्याले फोन लावला, तो म्हणते पंखा बंद करतो पण आधी सांगा लागते, मशीन वावरात घातल्यावर नाई.