तयार विमानांच्या काळात आरसी (रेडिओवर चालणारे) विमान उडवण्याचा आनंद टिकतो का?

कृष्णाकाठ (सांगली) यांचा प्रश्न:

नमस्कार. महाविद्यालयात असताना मी एनसीसीच्या वायुदल विभागात होतो. तेथे आम्ही कंट्रोल-लाइन विमाने उडवत असू, म्हणजे दोन तारांच्या टोकाला बांधलेले आणि उडवणाऱ्याभोवती वर्तुळात फिरणारे विमान. रेडिओवर चालणारे विमान त्या काळी आमच्या तुकडीत एकच होते आणि त्याला हात लावण्याची संधी फक्त शिबिराला निवडल्या गेलेल्या छात्रांना मिळत असे. पुढे नोकरी आणि घरसंसारात हा विषय मागे पडला. आता निवृत्ती जवळ आली आहे आणि बाल्सा या हलक्या लाकडाचे पातळ तक्ते पुन्हा हातात घ्यावेत असे मनापासून वाटते.

मध्यंतरी एका मैदानावर काही तरुण मंडळींना विमाने उडवताना पाहिले. विमान फोमचे होते, खोक्यातून काढून दहा मिनिटांत जोडले गेले, आणि त्यात बसवलेली स्थिरीकरण यंत्रणा नियंत्रकाची दांडी (स्टिक) सोडताच पंख आपोआप सपाट करत होती. ते पाहून कौतुक वाटले, पण एक शंकाही मनात आली. येथे तीस-चाळीस वर्षे या छंदात असलेले काही सभासद आहेत, त्यांना माझा प्रश्न आहे. बांधणी गेली, इंजिनाची खटपट गेली, पडण्याची भीतीही बरीचशी गेली. मग इतक्या वर्षांनंतरही आपल्याला मैदानावर नेणारे नेमके काय आहे? आणि माझ्या वयाच्या माणसाने सुरुवात बांधणीपासून करावी, की तयार विमान घ्यावे?


जुनाबाल्सा (नाशिक) यांचे उत्तर:

कृष्णाकाठ, आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला, म्हणून सविस्तर लिहितो.

मी ज्या काळात सुरुवात केली तेव्हा मैदानावरचा बराचसा वेळ विमान उडवण्यात जातच नसे. ग्लो इंजिनाचे, म्हणजे तापलेल्या तारेच्या प्लगवर चालणाऱ्या छोट्या इंजिनाचे, इंधन म्हणजे मिथेनॉल, त्यात एरंडेल किंवा कृत्रिम तेल आणि मिळालेच तर थोडे नायट्रोमिथेन. प्लगमधली प्लॅटिनमयुक्त तार बॅटरीने लाल करून इंजिन सुरू करायचे आणि मग इंधनाचे प्रमाण ठरवणारा नीडल व्हॉल्व्ह हळूहळू फिरवत आवाज ऐकायचा. विमानाचे नाक आभाळाकडे धरल्यावर फेरे किंचित वाढले तर मिश्रण ठीक आणि आवाज दबला तर इंधन कमी पडते आहे, हे कानाने ओळखावे लागे. तंबोरा लावणाऱ्याला जसा स्वर जुळल्याचा क्षण कळतो तसा तो क्षण कळायला वेळ लागतो. रेडिओची गोष्टही तशीच होती. प्रत्येक संचाला ठरावीक फ्रीक्वेन्सीचा क्रिस्टल असे, आणि त्याच फ्रीक्वेन्सीवर दुसऱ्या कोणी संच सुरू केला तर हवेत असलेल्या विमानाचा ताबा सुटलाच म्हणून समजा. त्यामुळे मैदानावरच्या फळीवर आपल्या फ्रीक्वेन्सीची चिमटी लावल्याशिवाय ट्रान्समीटरचे (हातातल्या नियंत्रकाचे) बटण दाबायचे नाही, ही शिस्त सर्वांच्या अंगी मुरलेली असे. 2.4 गिगाहर्ट्झचे संच आल्यावर विमानातला प्रत्येक रिसीव्हर आपापल्याच ट्रान्समीटरशी जोडला जाऊ लागला आणि ती काळजी संपली. ती संपल्याची मला जराही खंत नाही.

मग उरले काय, असे आपण विचारता. माझ्या मते जे मुळात होते तेच उरले आहे. आपण जमिनीवर उभे असतो आणि विमान शंभर मीटर दूर असते. त्याचा वेग आपल्या पाठीला जाणवत नाही आणि त्याचा कल आपल्या पोटात जाणवत नाही. खऱ्या वैमानिकाला शरीराने मिळणारी सगळी माहिती आपल्याला फक्त डोळ्यांनी मिळवावी लागते. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते. नवशिक्यांना मी एवढेच सांगतो की जो पंख खाली झुकला असेल त्याच्या बाजूला स्टिक न्यावी, म्हणजे पंख उचलला जाईल. काही महिन्यांनी हा हिशेब डोक्यातून हातात उतरतो आणि आपण मनानेच त्या विमानात जाऊन बसतो. हा जो बदल होतो, त्याच्या ओढीने मी आजही पहाटे उठून मैदानावर जातो.

वाऱ्याचे एक उदाहरण देतो. उतरण्यापूर्वी विमान वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे वारा पाठीवर घेऊन आपल्या समोरून जाते. जमिनीच्या तुलनेत ते फार वेगाने जात आहे असे दिसते, म्हणून हात आपोआप थ्रॉटल (इंजिनाची शक्ती) कमी करतो. पण पंखाला जमिनीशी काहीच देणेघेणे नसते, त्याला भोवतालच्या हवेतून मिळणारा वेग हवा असतो आणि तो तर कमीच झालेला असतो. तशात वळण घेताना एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) जास्त ओढला गेला की आतल्या बाजूच्या पंखाचे टोक आधी स्टॉल होते (उचल गमावते), विमान त्या अंगावर कोसळते, आणि उंची अपुरी असल्यामुळे सावरायला जागा उरत नाही. स्थिरीकरण यंत्रणा बसवली तरी हे गणित बदलत नाही, कारण ती पंख सपाट ठेवू शकते, पण नसलेला वेग निर्माण करू शकत नाही. दिसणाऱ्या वेगावर विसंबून न राहता नाकाची ठेवण, इंजिनाचा आवाज आणि एलिव्हेटरला मिळणारा प्रतिसाद यांवरून हवेतला वेग ओळखणे ही खरी विद्या आहे, आणि ती फोमच्या विमानावरही तितकीच शिकावी लागते.

या संदर्भात मेनार्ड हिल यांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेतल्या या आयुष्यभराच्या छंदिष्टाने ऑगस्ट 2003 मध्ये बाल्सा लाकडाचे, 5 किलोंपेक्षा कमी वजनाचे मॉडेल विमान कॅनडातल्या न्यूफाउंडलंडहून आयर्लंडपर्यंत पोहोचवले. सुमारे 3,000 किलोमीटरचे ते अंतर जवळपास 39 तासांत पार झाले. उड्डाण आणि उतरणे माणसाच्या हातून रेडिओवर झाले आणि मधला समुद्र विमानाने उपग्रहाच्या साहाय्याने चालणाऱ्या स्वयंचालकावर ओलांडला. त्याआधी पाठवलेली विमाने अटलांटिकमध्ये गेली होती. त्या वेळी हिल 77 वर्षांचे होते, त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती आणि ऐकूही फार कमी येत असे, तरी बांधणीचे काम बोटांच्या स्पर्शाने चालू होते. वयाचा प्रश्न मनात आला की मी त्यांच्याकडे पाहतो.

आता आपला दुसरा प्रश्न. माझा सल्ला असा की दोन्ही करावे, पण क्रम उलटा ठेवावा. उडवायला शिकण्यासाठी पंख वर बसवलेले, इंग्रजी ‘व्ही’प्रमाणे टोकांकडे किंचित उचललेले फोमचे ट्रेनर (शिकाऊ विमान) घ्या. त्याच्यावर चिकटपट्टी मारून पुन्हा उडवता येते, त्यामुळे हात मोकळा राहतो. त्याच काळात घरी संध्याकाळी बाल्साचे विमान सावकाश बांधत राहा. बाल्साचा तक्ता निवडताना त्याचे वजन तळहातावर तोलून पाहणे, पंखाच्या फासळ्या एकत्र घासून एकसारख्या करणे, आवरणाची फिल्म इस्त्रीने ताणून बसवणे या कामांना वेळ लागतो आणि तो वेळ मला कधीच वाया गेल्यासारखा वाटला नाही. आपण बांधलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या पुढून साधारण चौथ्या भागापासून तिसऱ्या भागाच्या आत येतो की नाही, हे बोटांवर तोलून पाहताना विमान का उडते हे जितके नीट समजते तितके तयार विमान घेऊन समजत नाही. शेपूट जड राहिलेले विमान पहिल्याच उड्डाणात हाताबाहेर जाते, म्हणून ही तपासणी कधीही टाळू नये.


घारीमागे (पुणे) यांचे उत्तर:

जुनाबाल्सा यांच्या लेखनाला माझे पूर्ण अनुमोदन आहे, फक्त इंजिन नसलेल्या विमानांची बाजू मांडावीशी वाटते.

मी गेली बरीच वर्षे केवळ ग्लायडर उडवते. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पीक निघालेली काळी शेते सकाळी दहाच्या पुढे तापू लागतात आणि त्यांच्यावरून गरम हवेचे स्तंभ वर चढतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण घारींना ते बरोबर सापडतात. एखादी घार पंख न हलवता गोल फिरत वर जात असेल तर ग्लायडर तिच्या खाली नेऊन त्याच दिशेने वळवावे. उजवा पंख आपोआप उचलला जात असेल तर वर चढणारी हवा उजवीकडे आहे असे समजून तिकडेच वळावे, कारण विमानाला तिच्यापासून दूर ढकलले जाण्याची सवय असते. पंखाच्या टोकाला धरून, स्वतःभोवती फिरून थाळीसारखे फेकायचे दीड मीटर पंखविस्ताराचे ग्लायडर यासाठी उत्तम असते, मात्र ज्यांचा खांदा दुखरा आहे त्यांनी रबरी नळी आणि दोरीच्या साहाय्याने ते सोडावे.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की सह्याद्रीच्या पश्चिमाभिमुख उतारावर आणखी वेगळा अनुभव मिळतो. वारा कड्याला धडकून वर वळतो आणि त्या पट्ट्यात ग्लायडर हवे तितका वेळ तरंगत राहते. थांबायचे ते आपली मान अवघडते म्हणून. कड्याच्या मागे मात्र कधीही उतरवू नये, तेथे हवा खाली कोसळत असते. जेथे पॅराग्लायडिंग चालते तेथे माणसे हवेत असताना आपले विमान बाहेरसुद्धा काढू नये, असे माझे ठाम मत आहे.

यात बांधणी कमी आणि वाट पाहणे फार. ज्याला हवा वाचण्याचा आनंद घ्यायचा आहे, त्याला इंजिनाची उणीव भासणार नाही.


नियमानुसार (ठाणे) यांचे उत्तर:

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण अनेक जुन्या मंडळींनाही ती ठाऊक नसते. ड्रोन नियम 2021 मध्ये मॉडेल विमानांचा स्वतंत्र उल्लेख आहे. शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी, 25 किलोंपर्यंत वजनाचे आणि डोळ्यांच्या टप्प्यात उडवलेले विमान त्या व्याख्येत बसते आणि त्याला टाइप सर्टिफिकेट (विमानाच्या नमुन्याचे सरकारी मान्यतापत्र) लागत नाही. 2 किलोंपर्यंतचे विमान व्यावसायिक कामासाठी वापरत नसल्यास रिमोट पायलटचा परवानाही लागत नाही. नोंदणीच्या अटी मात्र आपल्या विमानाचे वजन धरून सरकारी संकेतस्थळावर तपासाव्यात. लाल, पिवळ्या आणि हिरव्या क्षेत्रांचा नकाशाही सरकारी संकेतस्थळावर आहे. हिरव्या क्षेत्रात सर्वसाधारणपणे 400 फुटांपर्यंत उडवण्यास पूर्वपरवानगी लागत नाही, पण विमानतळाजवळ ही मर्यादा खाली येते. पुण्यात लोहगाव आणि खडकवासला, नाशिकजवळ ओझर आणि देवळाली अशा संरक्षण खात्याच्या जागांच्या आसपास नकाशा पाहिल्याशिवाय मैदान ठरवूच नये. मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोन, रिमोटवर चालणारी हलकी विमाने आणि पॅराग्लायडर यांवर बंदीचे आदेश काढतात, त्यामुळे तेथील मित्रांनी शहराबाहेर जावे हे उत्तम.

संक्रांतीच्या आसपासचे दिवस मी विमान बाहेर काढत नाही. मांजा दिसत नाही आणि तो प्रोपेलरमध्ये गुंतला की मोटर थांबते.


कृष्णाकाठ (सांगली):

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. स्थिरीकरणाविषयीची माझी शंका फिटली. फोमचे ट्रेनर आणि बाल्साचा संच दोन्ही घेण्याचे ठरवले आहे. दोन अडचणी आहेत. आमच्याकडे नदीकाठी जेथे मोकळे रान आहे तेथे तिन्ही बाजूंना ऊस उभा असतो, आणि विमान उसात गेले तर ते सापडणार कसे? आणि बॅटरीबाबत काय काळजी घ्यावी?


जुनाबाल्सा (नाशिक):

उसाचा प्रश्न खरा आहे, कारण माणसाच्या डोक्यावरून जाणाऱ्या पिकात पाच पावलांवरचे पांढरे विमानही दिसत नाही. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलला जोडायचा छोटा बझर मिळतो, तो पहिल्याच दिवशी बसवा. विमान आत गेले की लगेच धावू नका. आपण उभे असलेल्या जागेवर एक काठी रोवा आणि विमान जेथे दिसेनासे झाले त्याच्या रेषेत दूरचे एखादे झाड किंवा विजेचा खांब लक्षात ठेवा. बरोबरच्या माणसाला त्या काठीजवळ थांबवून तो हाताने दाखवील त्या रेषेतच आत जा. मात्र आधी शेतकऱ्याची परवानगी घ्या आणि सरीतूनच चाला, म्हणजे त्याच्या पिकाचे नुकसान होणार नाही आणि पुढच्या वेळीही तो आपल्याला येऊ देईल. उसाची तोड झाल्यावरचे आठवडे शिकण्यासाठी सर्वांत चांगले, आपल्या भागात हिवाळ्यात ते सहज मिळतील.

लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट असतो. उड्डाणानंतर तो साधारण 3.5 व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका, आणि काही दिवस उडवायचे नसेल तर 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवा. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात उभ्या गाडीत ठेवणे टाळा. चार्जिंग फरशीवर, आपण त्या खोलीत असतानाच करा, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका. 2200 मिलिअँपिअर-तासाच्या बॅटरीवर सुरुवातीला ट्रान्समीटरचा टायमर सहा मिनिटांवर लावा. उतरल्यावर किती उरली ते मोजा आणि मगच वेळ वाढवा.

ट्रान्समीटर घेताना थ्रॉटल डाव्या हाताला असलेला मोड 2 मागा. आपल्याकडे बहुतेकजण तोच वापरतात, त्यामुळे पहिल्या काही उड्डाणांना शेजारी उभा असलेला जाणकार गरज पडताच ट्रान्समीटर हातात घेऊ शकेल. नाशिकला येणे झाले तर अवश्य कळवा, माझ्याकडे शिकवण्याची दुहेरी ट्रान्समीटरची जोडणी आहे.