नववी-दहावीच्या हुशार पोरांसाठी शिक्षकांचं ट्रेनिंग, काय घेऊ?

फळा_आणि_डस्टर
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात अनुदानित शाळेत गणित शिकवतो. आमच्या हेडमास्तरांनी दिवाळीनंतर सगळ्या माध्यमिक शिक्षकांसाठी अर्ध्या दिवसाची कार्यशाळा माझ्या गळ्यात मारलीये, विषय 'प्रज्ञावान विद्यार्थी'. कारण मीच आहे म्हणा. नववीला वास्तव संख्या चालू होतं, आवर्ती दशांश p/q रूपात लिहायचे, तर एका पोराने स्वतःहून ०.९९९... घेतलं, दहाने गुणलं, वजाबाकी केली आणि उत्तर आलं १. वही घेऊन आला, "सर माझं कुठं चुकलं?" तास संपत आलेला, पोर्शन राहिलेला, मी म्हणालो परीक्षेला येत नाही, बस जागेवर. त्यानंतर पंधरा दिवस पोराने हात वर केला नाही. स्टाफरूममध्ये हे सांगितलं आणि ही कार्यशाळा अंगावर आली. पीपीटी नकोय, खरंच वर्गात उपयोगी पडेल असं सांगा.

निवृत्त_पण_गप्प_नाही
सर, कबूल केलंत हेच मोठं. ३१ वर्षं विज्ञान शिकवलं, माझा अनुभव असा की शिक्षकाला आधी "मला माहीत नाही, उद्या बघू" म्हणायची सवय लावावी लागते, आमच्या पिढीला ते फार जड जायचं. कार्यशाळेत भाषण नको. टेबलावर ग्लास ठेवा, पाण्यात बर्फ. वितळल्यावर पातळी वाढेल का? अर्धे शिक्षक वाढेल म्हणतील (वाढत नाही). मग विचारा, बर्फात खडा अडकलेला असेल तर? आता पातळी चक्क उतरते, कारण तरंगताना खड्याच्या वजनाइतकं पाणी बाजूला सरतं आणि तळाला गेल्यावर फक्त त्याच्या आकारमानाइतकं. प्रश्न एकच, एक अट बदलली की हुशार पोराला दहा मिनिटं पुरतो. मग प्रत्येकाने आपल्या पुस्तकातल्या एका स्वाध्यायाची एक अट बदलून आणायची. तीन तास असेच जातात बघा.

दोन_पोरांची_आई
पालक म्हणून एक विनंती, लवकर झालं म्हणून आणखी वीस गणितं देऊ नका हो. माझ्या मुलीने त्यावर उपाय काढला, मुद्दाम हळू सोडवायला लागली 😅 आणि "बाकीच्यांना शिकव" हेही रोज नको, ती काय बिनपगारी शिक्षिका आहे का.

बीएलओ_मास्तर
सगळं छान. वर्गात ६८ पोरं, निम्म्यांना भागाकार येत नाही, वर मतदार यादीचं काम. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात लिहिलंय बीएडला प्रज्ञावान मुलांचं स्पेशलायझेशन ठेवता येईल, आमच्या इथं ते शिकून आलेला एक माणूस दाखवा. एनटीएस (राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा) होती तर निदान एक निमित्त होतं, ती २०२१ पासून बंदच.

निवृत्त_पण_गप्प_नाही
@बीएलओ_मास्तर तुमचं खरंय. म्हणूनच आठवड्याला एकच प्रश्न, फळ्याच्या कोपऱ्यात, ज्याला जमेल त्याने. तपासायचा नाही, शुक्रवारी पाच मिनिटं बोलायचं. आम्ही कोपरा चालू केला तेव्हा सगळ्यात आधी उत्तर आणलं ते मागच्या बाकावरच्या, दोनदा नापास झालेल्या पोराने, हुशार कोण हे आपण गुणांवरून ठरवतो तिथंच घोळ आहे.

मानखुर्द_लोकल
होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या साइटवर विज्ञान-गणित ऑलिंपियाड स्पर्धांचे जुने पेपर उत्तरांसकट फुकट आहेत, कोपऱ्याला तेच वापरा, पण तसेच्या तसे नको, पोरं घाबरतात. पुण्याच्या जवळ असाल तर ज्ञान प्रबोधिनीत एक दिवस बसून या, १९६२ पासून त्यांचं हेच काम आहे. आणि होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेला नववीची पोरं बसवा, त्यात प्रात्यक्षिक आणि प्रकल्प असतो. क्लासवाल्यांनी तिचंही पाठांतर करून टाकलंय ही गोष्ट वेगळी.

फळा_आणि_डस्टर
सगळ्यांचे आभार. ग्लास-बर्फ फायनल, खडा ओढ्यातून आणतो. आज त्या पोराला बोलावून सांगितलं की तुझं चुकलं नव्हतं, ते १च आहे. म्हणाला, "मग सर, १ आणि ०.९९९... च्या मधे एखादी संख्या सापडते का बघू?" वही घेऊन गेलाय.